पोरांची वाटणी

चटईवाली खोटं बोलली होती. एकदा नव्हे, दर वेळी, दर साहेबासमोर, आणि तेही इतक्या सरळ चेहऱ्यानं की वकीलबाईंनी तिच्या वतीनं छातीठोकपणे ग्वाही दिली होती. तपासणी करायची तर खुशाल करा, असं त्या भर सुनावणीत म्हणाल्या होत्या. आता तपासणीचा अहवाल टेबलावर पडला होता आणि त्यात स्वच्छ लिहिलं होतं की दोन्ही मुलींचं या बाईशी रक्ताचं नातं नाही. दोघींपैकी एकीचं तरी असावं ना! तेवढीही अब्रू अहवालानं राखली नव्हती.

वकीलबाईंनी छताच्या पंख्याला उद्देशून एक शिवी हासडली. पंखा बिचारा त्यांची बोलणी खाऊनच म्हातारा झाला होता. कचेरी म्हणजे तरी काय, दातांच्या दवाखान्यावरची एक खोली. खालून दात कोरायच्या यंत्राचा आवाज यायचा आणि वर वकीलबाई सरकारशी भांडायच्या. भांडण एकच होतं. शहराबाहेरच्या एका जुन्या गोदामात समुद्रापलीकडून पळून आलेली माणसं कोंडून ठेवलेली होती. त्यांची भाषा वेगळी, चेहरेपट्टी वेगळी, म्हणून तिकडच्या फौजेनं त्यांची गावं जाळली. आणि ती तिकडची, म्हणून इकडे कुणाला नकोत. इकडच्या सरकारनं गोदामाला 'निवारा केंद्र' असं गोंडस नाव दिलं, दाराला बाहेरून कुलूप लावलं आणि हात झटकले.

अहवाल वकीलबाईंच्या हाती पडायच्या आधी वर्तमानपत्राच्या हाती पडला होता. 'गोदामात मुलं पळवणारी टोळी?' शेवटी प्रश्नचिन्ह टाकलं की छापणाऱ्याचं पाप धुऊन निघतं, असा त्या लोकांचा समज असतो. पुढच्या आठवड्यात सुनावणी होती. तिथे हा अहवाल उघडला, की पुढचं वकीलबाईंना तोंडपाठ होतं. मुली दूरच्या शहरातल्या सरकारी बालगृहात जाणार, चटईवाली तुरुंगात, आणि तुरुंगातून थेट बोटीत बसवून परत त्याच फौजेच्या ताब्यात. तिथून कुणी परत आलेलं वकीलबाईंनी अजून पाहिलं नव्हतं.

"चला मामा," त्यांनी फोन लावून म्हटलं. "तुमच्या सत्यवादी बाईंना भेटायचंय."

मामा म्हणजे त्यांचे दुभाषी. तेही त्याच लोकांतले, पण तरुणपणीच इकडे आलेले. बाजारात घड्याळं दुरुस्त करायचे आणि गरज पडली की दुकान बंद करून वकीलबाईंबरोबर यायचे. कमी बोलायचे. दुभाष्याला हे शोभतं असं त्यांचं म्हणणं होतं. दिवसभर दुसऱ्याचंच बोलायचं असलं की स्वतःचं राखून ठेवावं लागतं.

गोदामात भेटीची खोली म्हणजे पूर्वीची वजनकाट्याची खोली. काटा अजून तिथेच होता, गंजलेला. चटईवाली भिंतीला टेकून बसली होती आणि हातानं चटई विणत होती. मदतीच्या गठ्ठ्यांना बांधून येतात ना, त्या प्लास्टिकच्या पिवळ्या पट्ट्या ती जमवायची आणि त्यांच्या चटया करायची. तिच्या गावी ती लव्हाळ्याच्या करायची म्हणे. इथे लव्हाळे कुठले! पण निम्मं गोदाम तिच्याच चटयांवर झोपायचं.

धाकटीनं, म्हणजे चारेक वर्षांच्या त्या भिंगरीनं, वकीलबाई बसतात न बसतात तोच वजनकाट्यावर उडी मारली, तिथून पाण्याचा तांब्या लाथाडला आणि सगळं पाणी विणलेल्या पट्ट्यांवर सांडलं. चटईवालीनं काही न बोलता पट्ट्या उचलल्या, पदरानं पुसल्या आणि धाकटीच्या डोक्यावरून हात फिरवला. थोरली आठ-नऊ वर्षांची, शांत. तिनंच बहिणीला दंडाला धरून खाली बसवलं.

'काय सोशीक बाई आहे,' वकीलबाईंच्या मनात आलं. 'आमच्या आईनं तांब्या उचलायच्या आधी पाठीत धपाटा घातला असता.' आणि मग त्यांना आठवलं की आपण रागवायला आलोय.

"तू मला फसवलंस," त्या म्हणाल्या. "सगळं सरकार मला खोटारडी ठरवायला टपलेलं आहे, ते मी सोसते. पण तू?"

मामांनी ते सांगितलं. किती मऊ करून सांगितलं ते देव जाणे.

"पोरी माझ्याच आहेत, ताई," चटईवाली म्हणाली.

"अगं, तपासणी झालीये. तिथे कुणाचं काही चालत नाही."

"माझ्याच आहेत."

एक तास हेच. वकीलबाईंनी समजावलं, दटावलं, शेवटी हात जोडले. बाई ढिम्म. तोंडावर राग नाही, भीती नाही, हट्टसुद्धा नाही. एखादीला विचारावं की तुझं डोकं तुझंच का, आणि तिनं हो म्हणावं, तसं ती म्हणत होती. थोरली मात्र पूर्ण वेळ मामांच्या तोंडाकडे बघत होती. आणि वकीलबाईंच्या तेव्हा लक्षात आलं, की इतक्या महिन्यांत या पोरीनं चटईवालीला कधी 'आई' म्हटल्याचं त्यांनी ऐकलं नव्हतं. धाकटी म्हणायची. थोरली कुठलीच हाक मारायची नाही. काही हवं असलं तर जवळ जाऊन उभी राहायची.

बाहेर बसच्या थांब्यावर मामा बराच वेळ स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाला चावी देत राहिले.

"तुम्हाला माहीत होतं," वकीलबाई म्हणाल्या.

"अंदाज होता. पोरीवर ती कधी ओरडत नाही ना, त्यावरून."

"म्हणजे?"

"बाई, आमचा मुलूख पाण्याचा. दर पुरात होड्या काढाव्या लागतात. आणि होडी काढायची वेळ आली की आमच्याकडे आई आणि तिची पोरं एका होडीत बसत नाहीत. शेजारणी पोरं बदलतात. तुझी माझ्याकडे, माझी तुझ्याकडे. होडीचा काय भरवसा? पण अशी वाटणी केली की एका होडीबरोबर एक घर पुरतं बुडत नाही. कुणीतरी उरतं. पोरं उरली तर त्यांना आई असते. आई उरली तर तिला पोरं असतात."

वकीलबाईंनी समोर आलेली बस जाऊ दिली. हे रोज घडणारं नव्हतं.

"आणि परत भेट होईपर्यंत होडीतली पोरं आपलीच," मामा म्हणाले. "कुणी विचारलं तरी आपलीच. परकी म्हटलं की वाटेत कुणीही ओढून नेतं. फक्त त्यांच्यावर हात उगारायचा नाही, ओरडायचं नाही. ती ठेव असते. धपाटा घालायचा हक्क आईचा."

"हिची स्वतःची पोरं?"

"तिच्या गावचे आहेत ना गोदामात, ते सांगतात, एक मुलगी, एक मुलगा. शेजारणीच्या होडीत. दोन्ही घरचे बाप गावातच मारले गेले. होड्या एकाच दिवशी सुटल्या. हिची इकडे लागली." मामांनी घड्याळाची चावी सोडली. "दुसरी कुठे लागली, कुणी सांगितलेलं नाही."

वकीलबाईंचं डोकं एव्हाना भराभर चालायला लागलं होतं. अहो, हा तर बचाव होता! पळवलेली पोरं नव्हेत, आईनं स्वतः हाती दिलेली पोरं! त्या बसमध्ये चढल्या त्या जवळजवळ हसतच. कचेरीत येऊन त्यांनी कायद्याचं पुस्तक उघडलं आणि हसू तिथल्या तिथे विरलं. कलम होतं, पण कसं? आईबाप हयात नसतील आणि त्यांनी मूल स्वतः कुणाच्या हवाली केलं असेल, तर ते मूल त्या व्यक्तीजवळ राहू शकतं. आईबाप दूर कुठे जिवंत असतील किंवा कुठे आहेत हेच माहीत नसेल, तर मूल बालगृहात, शोध लागेपर्यंत. आणि सरकारी शोध कधी लागतो हे वकीलबाईंना कुणी सांगायला नको होतं.

म्हणजे मुली वाचवायच्या तर शेजारीण मेलेली हवी होती. आणि शेजारणीच्या होडीत चटईवालीची दोन्ही पोरं होती.

त्यांनी पुस्तक मिटलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गोदाम गाठलं आणि सरळ विषयाला हात घातला. निदान शेजारणीनं पोरी दिल्या एवढं तरी साहेबांसमोर कबूल कर, पुढचं मी बघते.

चटईवालीनं विणणं थांबवलं. पहिल्यांदाच तिच्या डोळ्यांत भीती दिसली.

"'माझ्या नाहीत' असं म्हणता येणार नाही, ताई. ती तिकडे कुठेतरी असंच बसली असेल. तिलाही साहेब विचारत असतील, ही पोरं तुझी का म्हणून. ती हो म्हणत असेल. मी इकडे नाही म्हटलं, तर तिनं तिकडे कशाच्या जोरावर हो म्हणायचं?"

तिच्या मांडीवरची चटई वकीलबाईंना आज नीट दिसली. नेहमीपेक्षा बरीच रुंद होती.

"एवढी मोठी कुणासाठी?"

"चारही पोरं झोपतील," चटईवाली म्हणाली. "माझा मुलगा फार लोळतो झोपेत."

त्या दिवसापासून वकीलबाईंनी दुसऱ्या होडीचा पाठपुरावा सुरू केला. किनाऱ्यावरच्या जेवढ्या ओळखी होत्या तेवढ्यांना फोन झाले, ज्यांच्याशी वर्षानुवर्षं अबोला होता त्यांनाही. शोधताना आपण नक्की कशाची आशा करतोय, हे त्यांनी स्वतःला विचारायचं टाळलं. होडी पोचलेली निघाली तर दोन पोरं जिवंत, पण या दोन पोरी बालगृहात आणि ही बाई बोटीत. बुडालेली निघाली तर खटला हातात. माणसानं अशा वेळी कुठल्या देवाला काय मागावं?

सुनावणीच्या दोन दिवस आधी एका बंदरावरच्या नर्सचा फोन आला. तिच्या दवाखान्यात त्या लोकांपैकी एक होडीवाला बरेच महिने पडून होता. मिठानं कातडी सोलली गेलेली, एक पाय कायमचा गेलेला. तो होडीचं बोलत होता. दोन बायांनी काठावर पोरं बदलली, एकीच्या हातात पिवळ्या दोऱ्यानं बांधलेली चटईची गुंडाळी होती, असं सांगत होता.

"होडी?" वकीलबाईंनी विचारलं.

"उलटली," नर्स म्हणाली. "तो आणि एक म्हातारा, दोघेच वाचले. म्हातारा नंतर गेला."

वकीलबाईंनी फोन ठेवला आणि डोकं टेबलावर टेकलं. खटला जिंकल्यात जमा होता. एवढा भक्कम साक्षीदार त्यांना उभ्या आयुष्यात मिळाला नव्हता. त्यांना ढसाढसा रडू आलं.

संध्याकाळी जेवताना त्यांच्या वडिलांनी ताटाकडे बोट दाखवलं. बाबा शाळेतून निवृत्त झालेले, घरात दोघंच. बाबांना लेकीचे सगळे खटले ठाऊक असायचे आणि लेकीचं न जेवणंही.

"हरलीस?"

"जिंकतेय."

"मग हे तोंड कशाला?"

त्यांनी सगळं सांगितलं. बाबांनी घास खाली ठेवला.

"तिला आधी सांग," ते म्हणाले. "भर कचेरीत, चार परक्यांसमोर ऐकायला लावू नकोस. एवढी माणुसकी ठेव."

"मला जमेल असं वाटत नाही, बाबा."

"सगळ्या जगाला ऐकवत फिरतेस. एका बाईला सांगायला जमत नाही?"

बाबा असे कडू बोलायचे आणि बरोबर बोलायचे, म्हणून त्यांचा राग येई.

वकीलबाईंनी मामांना गळ घातली. तुमच्या भाषेत, तुमच्या माणसाला, तुम्हीच सांगा. मामांनी मान हलवली. "मी तुमचं बोललेलं तिला सांगीन. पण बोलायचं तुम्ही. असली बातमी माझ्या पदरची म्हणून मी द्यायची नाही. तेवढं मला मागू नका."

सुनावणीच्या आदल्या दिवशी ती दोघं गोदामात गेली. तर दार बंद; कुणी बडे पाहुणे पाहणीला यायचे होते आणि भेटी रद्द होत्या. वकीलबाई पहारेकऱ्याशी भांडल्या, त्याच्या वरच्याशी भांडल्या, वर्तमानपत्राची धमकी दिली. दार काही उघडलं नाही. आणि खरं सांगायचं तर परत फिरताना त्यांना थोडं हायसं वाटलं. त्याची त्यांना स्वतःलाच किळस आली.

सुनावणीच्या कचेरीत सकाळी गर्दी होती. बाकं, टाचणीवर लटकणारे कागद, कोपऱ्यात पाण्याचा पिंप. पोलीस गाडीतून चटईवालीला आणलं, मुलींसकट. तिनं केस चोपून विंचरले होते, मुलींचेही. वकीलबाई तिला भिंतीशी घेऊन गेल्या. मुलींना महिला शिपायाजवळ बसवलं. मामा मधे उभे राहिले. आणि वकीलबाईंनी जगातली सगळ्यात वाईट सुरुवात केली.

"आज एक माणूस बोलणार आहे. पडद्यावर, दुरून. दुसऱ्या होडीचा होडीवाला."

मामांनी ते सांगितलं. चटईवालीचा चेहरा बघता बघता उजळला. तिनं वकीलबाईंचे दोन्ही हात गच्च धरले.

"तो पोचला? म्हणजे होडी पोचली! ताई, होडी पोचली?"

"ऐक, तसं नाही..."

"कुठे आहेत? किती लांब?" ती वळून मुलींना हाक मारणार होती. वकीलबाईंनी तिचा दंड धरला. तेवढ्यात दार उघडलं, शिपायानं क्रमांक पुकारला आणि सरकारी वकील घाईघाईनं त्यांच्या मधूनच आत शिरला. "चला, चला," शिपाई म्हणाला, "साहेब बसलेत."

मुली बाहेर राहिल्या. आत चटईवाली खुर्चीच्या टोकावर बसली, डोळे पडद्याला लावून. साहेबांना सर्दी झाली होती. माणूस वाईट नव्हता. रोज असल्या कहाण्या ऐकून ऐकून त्याच्या कानांना घट्टे पडले होते, एवढंच. सरकारी वकिलानं अहवाल वाचून दाखवला. वकीलबाईंनी वाटणीची रीत समजावून सांगितली, कलम सांगितलं, साक्षीदाराला बोलवा म्हणाल्या. आपलाच आवाज त्यांना दुसऱ्या कुणाचा तरी वाटत होता.

पडद्यावर होडीवाला आला. खाटेवर उशीला टेकून बसलेला, गळ्यापर्यंत चादर. त्यानं बोलायला सुरुवात केली. ती भाषा त्या खोलीत दोघांनाच कळत होती, मामांना आणि तिला. साहेब, सरकारी वकील, टंकलेखक सगळे मामांच्या तोंडाकडे बघत वाट पाहत होते. वकीलबाई तेवढ्या चटईवालीकडे बघत होत्या, म्हणून ते सगळ्यांच्या आधी त्यांना दिसलं. तिच्या अंगातून काहीतरी निघून गेलं. ती हलली नाही, ओरडली नाही. नुसती हळूहळू खुर्चीच्या पाठीला टेकली.

"तो म्हणतोय," मामा म्हणाले, "काठावर दोघींनी पोरं बदलली. त्यानं स्वतः पाहिलं. लवकर करा म्हणून त्यानं दोघींना शिव्या दिल्या होत्या." मामा थांबले. होडीवाला बोलतच होता. "तो म्हणतोय, तिसऱ्या दिवशी होडी उलटली. त्यानं मुलाला धरलं होतं. मोठी लाट आली. सुटला."

"आणि ती दुसरी बाई?" साहेबांनी विचारलं.

मामांनी विचारलं. होडीवाल्यानं उत्तर दिलं. मामांनी आपला चष्मा काढला आणि तो हातात धरूनच बोलले.

"त्या बाईनं मुलीला पाठीला बांधलं होतं. मुलगा सुटला, तेव्हा तिनं पोहत जाऊन त्याला पकडलं. एक फळी जवळ होती. दोघांना धरून फळी धरता येत नव्हती. हा ओरडला, एक सोड, एक सोड. तिची नव्हतीच ती पोरं, यालाही माहीत होतं. तिनं सोडलं नाही. तिघंही गेली."

टंकलेखकाची बोटं थांबली. साहेबांनी रुमाल नाकाला लावला तो तसाच धरून ठेवला. सर्दी होती म्हणून की दुसऱ्या कशामुळे, हे कळायला मार्ग नव्हता.

सरकारी वकील उठला. पोरगेलाच होता, त्याचाही आवाज खाली आला होता, पण नोकरी ती नोकरी. "तरीही विचारावं लागेल, साहेब. मुली या बाईच्या आहेत का? हो किंवा नाही. नोंदीसाठी."

मामांनी विचारलं. वकीलबाईंनी टेबलाची कड घट्ट धरली. आता जर ही नेहमीसारखी 'माझ्याच आहेत' म्हणाली, तर सगळं मुसळ केरात. आणि तिनं ते म्हणू नये असं मनात आणायचीही त्यांना शरम वाटत होती.

चटईवाली उठून उभी राहिली. साहेबांकडे नाही, पडद्याकडे बघत ती बोलली. होडीवाल्याला सांगितल्यासारखं.

"तिच्या आहेत," मामा म्हणाले. "तिनं माझ्याकडे दिल्या होत्या. तिनं माझी सोडली नाहीत."

एवढंच बोलून ती बसली.

निकाल लगेच झाला. दोन्ही मुली या बाईजवळ राहतील. टोळीचा आरोप मागे. बाईला परत पाठवायचा प्रश्न पुढल्या तारखेला. तोवर तिघींनी गोदामातच राहायचं. वकीलबाईंनी कितीतरी वर्षांत गोदामातल्या कुणासाठी एवढं मिळवलं नव्हतं. सरकारी वकील जाताना "अभिनंदन" म्हणाला आणि म्हणून झाल्यावर ओशाळला. वकीलबाईंना त्याच्या तोंडाकडे बघवेना.

पडदा काळा झाला होता तरी चटईवाली त्याच्याकडेच बघत होती. मामांनी तिच्या खांद्याला हात लावला तेव्हा ती उठली. वकीलबाई तिच्या बाजूनं चालू लागल्या. त्यांना खूप काही बोलायचं होतं. मला काल यायचं होतं, दार उघडलं नाही. मी आज सकाळी धड सांगू शकले नाही. पण हे सगळं बोलून हलकं त्यांनाच वाटलं असतं, तिला नाही. त्यांनी पुढे होऊन दार उघडून धरलं.

बाहेर थोरली बाकावर सरळ बसली होती, हात मांडीवर ठेवून. धाकटीला तेवढा वेळ बसवणं कुणाच्या बापाला शक्य नव्हतं. ती पाण्याच्या पिंपाशी होती. चटईवालीला बघताच ती पिंपाला लोंबकळली, तोटी उघडली गेली आणि सगळं पाणी भळाभळा तिच्या झग्यावर, फरशीवर, लोकांच्या चपलांवर. ती खिदळली.

चटईवाली ताडताड चालत गेली. तोटी बंद केली. धाकटीला दंडाला धरून वळवलं आणि तिच्या पाठीत एक सणसणीत धपाटा घातला.

सगळी ओसरी वळून बघायला लागली. धाकटी इतकी थक्क झाली की रडायचंच विसरली. चटईवाली मोडक्या आवाजात तिला रागवत होती. पाणी काय फुकट येतं का, कपडे वाळवणार कोण, किती वेळा सांगायचं. मामा ते भाषांतर करत नव्हते आणि वकीलबाईंना गरजही नव्हती. रागवता रागवता ती ओल्या फरशीवर बसली आणि त्या पोरीला तिनं पोटाशी धरलं, इतकं घट्ट की पोरगी आता मात्र रडायला लागली.

वकीलबाईंनी थोरलीकडे पाहिलं. तिला कुणीच काही सांगितलं नव्हतं. ती बाकावरून उठून उभी राहिली होती. तिनं तो धपाटा पाहिला होता, आणि त्या सगळ्या गर्दीत त्याचा अर्थ कळणारी, मामा आणि वकीलबाई सोडल्या तर, ती एकटीच होती. तिनं एकदा दाराकडे पाहिलं, एकदा फरशीवरच्या बाईकडे.

"आई!" थोरलीनं किंकाळी फोडली.

तिनं कुणाला हाक मारली होती, ते तिथे तिघांना माहीत होतं. जिला मारली होती, तिला ती आता कधीच ऐकू येणार नव्हती.

चटईवालीनं मान वर केली. एक हात धाकटीच्या पाठीवरून काढून पुढे केला आणि ओ दिली.